निरोगी गटातला नवरा

नवऱ्याच्या शर्टाची कॉलर नाकाशी धरून ती न्हाणीघरात उभी होती. घामाचा वास आला, घड्याळाच्या दुकानातल्या तेलाचाही आला. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप चालला होता तो सिगारेटचा वास मात्र काही केल्या येईना. त्यामुळे तिचा संशय आणखीच बळावला. निर्दोष माणूस इतका काटेकोर राहत नाही, असं तिचं ठाम मत होतं.

संशयाचं मूळ होतं तिच्या प्रयोगशाळेत. ती तिथे तंत्रज्ञ होती. काचेच्या पट्टीवर चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचा थर द्यायचा, त्यावर लाळेचा थेंब वाळवायचा आणि लेसरचा झोत सोडायचा, हे तिचं काम. लाळेतल्या रेणूंवरून विखुरणारा उजेड मुळात फार क्षीण, पण चांदीच्या संगतीत तो कैक पटींनी वाढतो आणि पडद्यावर आलेखाची शिखरं उमटतात. त्यांवरून लाळेत काय दडलंय ते कळतं. तोंडाचा कॅन्सर वेळीच ओळखता यावा म्हणून ही सगळी धडपड होती. तुलनेला निरोगी माणसांची लाळही हवी होती, म्हणून तिने हौसेने नवऱ्याच्या हातात कुपी दिली. त्यानेही ती सकाळी मुकाट्याने भरून दिली.

आलेख बघून प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम हसल्या होत्या. "निरोगी असेल, पण हा गृहस्थ सिगारेटी फुंकतो हं. हे शिखर बघ केवढं!"

कुपीवर नुसता क्रमांक होता, पण तो कोणाचा हे तिला ठाऊक होतं. तिचा चेहरा पडला. लग्न ठरताना तिच्या शब्दाखातर त्याने सिगारेट सोडली होती. त्या एका गोष्टीवर तिचा त्याच्यावरचा सगळा विश्वास उभा होता.

मग तिने पाळतच ठेवली. स्कूटरची डिकी उपसली, गाद्या उलथ्यापालथ्या केल्या. पँटच्या खिशात लवंगा निघाल्या. वास मारायला, दुसरं काय! जेवताना हल्ली तो घास तोंडात घोळवत बसायचा आणि तिची नजर चुकवायचा. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या धाकट्या दिराला तिने आडून आडून विचारलं, तर "मला नका गुंतवू, वहिनी," म्हणत तो सटकला. तोही सामील आहे, असं तिने ठरवून टाकलं.

शेवटी शर्ट तसाच हातात घेऊन ती स्वयंपाकघरात आली. नवरा पाणी पीत होता.

"अहो, किती ओढता दिवसाला?"

"काय ओढतो? आज काय झालंय आमच्या फौजदारांना?"

"सोंग पुरे. लाळेत सापडलंय तुमच्या. सिगारेटचं एवढं मोठं शिखर आलंय!"

तो बघतच राहिला. "पण धाकट्याने तर सोडली म्हणून सांगितलं होतं मला!"

बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

क्षणभर तिला काही उमजेना. मग ती हसत सुटली. "म्हणजे कुपीत भावोजी थुंकले? तुम्ही नाहीच ओढत? अहो, मग आधी नाही का सांगायचं? मेला जीव टांगणीला लागला होता माझा!"

तो हसला नाही. हसणं ओसरलं तसं तिच्या डोक्यातलं संशयाचं पाखरू पुन्हा फडफडलं. आपली लाळ द्यायला माणूस का घाबरेल?

"स्वतःची का नाही दिलीत?"

"तुझ्याच मशीनवर जायची होती ना ती," तो हळूच म्हणाला. "तू एकटी तिथे बसून बघितलं असतंस. ते नको वाटलं."

"काय बघितलं असतं?"

त्याने गालावर हात ठेवला. "म्हटलं, होईल बरं आपोआप. तिखट लागलं की झोंबतं, एवढंच."

तिने त्याला दिव्याखाली ओढलं. "तोंड उघडा."

आत गालाच्या कडेला पांढरा चट्टा होता आणि मधोमध लालभडक चिरलेलं. या घरात सिगारेटचं पाकीट सापडलं असतं तर किती बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

"उद्या रजा टाकते," ती म्हणाली. "सकाळीच डॉक्टरांकडे जायचं."

"मिटू का आता?" त्याने उघड्या तोंडानेच विचारलं.

त्याच्या हनुवटीखाली धरलेला हात तिने तसाच ठेवला, आणि तोही शहाण्यासारखा आ वासून उभा राहिला.