मी पोटातली पाण्याची गाठ बोलतेय

दचकू नका, मी गाठ बोलतेय! नाव ऐकताच माणसांचे चेहरे उतरतात, ठाऊक आहे मला. पण माझ्यात होतं काय? नितळ पाणी आणि भोवती पातळसा पापुद्रा. बोराएवढा तर माझा जीव!

मी जन्मले एका बाळाच्या अंडाशयावर, आणि ते बाळच मुळी अजून आईच्या पोटात होतं. आईकडून येणाऱ्या हॉर्मोन्सवर मी मस्त गुटगुटीत झाले. बाळानं कोलांटी मारली की मी डुचमळायचे. त्याला उचकी लागली की मला फुकटचे झोके!

मग सोनोग्राफीच्या खोलीत माझं बिंग फुटलं. आईच्या पोटावर गार जेली, पडद्यावर बाळ आणि बाळाच्या पोटात एक काळा गोल. मीच ती! कुणीतरी माझा फोटो काढतंय म्हणून मी हरखले. पण डॉक्टरबाई यंत्र त्याच जागी पुन्हा पुन्हा फिरवू लागल्या.

"बोला ना काहीतरी," आई म्हणाली. "एकाच जागी किती वेळ बघताय?"

"बाळाच्या पोटात पाण्याची गाठ दिसतेय. साधीच वाटतेय. बाळाची वाढ छान आहे. आपण लक्ष ठेवू."

"नुसतं लक्ष?" बाबाचा आवाज चिरकला.

घरी आजी कडाडली, "लक्ष काय ठेवायचंय? ते काय गॅसवरचं दूध आहे?"

बाळाची दुपटी शिवायला काढली होती, ती आईनं तशीच कपाटात कोंबली. मग पलंगावर बसून पोटावर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "ए बाई, माझ्या बाळाला सांभाळ हं." मला कुणी बाई म्हणेल असं वाटलं नव्हतं! मान असती तर मी डोलावली असती.

यथावकाश बाळ जन्मलं. मुलगी! काय तो आवाज! लहान मुलांचे सर्जन आले. धिप्पाड गडी, मिशा झुबकेदार, पण हात कापसासारखे. त्यांनी सोनोग्राफीचं यंत्र पोटावर टेकवलं मात्र, पोरीनं थेट त्यांच्या बाहीवर धार सोडली.

"पेशंटचं मत कळलं," ते म्हणाले. मग आईकडे वळले. "आता तुमचे हॉर्मोन्स हिला मिळत नाहीत, त्यामुळे ही गाठ बहुतेक आपोआप आटेल. अधूनमधून तपासत राहू. वाढली किंवा फिरून तिला पीळ बसला, तर ऑपरेशन करावं लागेल. म्हणून बाळ सारखं रडलं, उलट्या झाल्या, पोट फुगलं, तर वाट बघू नका. उचला आणि या."

आणि एका दुपारी पोरगी रडायला लागली. लालबुंद झाली, भडाभडा ओकली. आजी एका पायात चप्पल, एका पायात बाबाचा बूट घालून धावली. गाडीत आईनं लेकीला छातीशी इतकं घट्ट धरलं होतं, की तिच्या काळजाची धडधड मला ऐकू येत होती. मी अगदी चिडीचूप. खरंच, जरा जरी गिरकी घेतली असती तर...

सर्जननी पाहिलं, पुन्हा पाहिलं. "पीळ नाही. रक्तपुरवठाही ठीक आहे." तेवढ्यात पोरीनं असा काही दणदणीत आवाज काढला, की बाहेरची नर्स आत डोकावली.

"गॅस होता तर!" सर्जन म्हणाले. आई हसता हसता रडली, रडता रडता हसली. आजी म्हणाली, "माझ्यावर गेलीय."

त्यानंतर मी आटतच गेले. वाटाण्याएवढी झाले, मग मोहरीएवढी. आज पुन्हा तपासणी आहे. सर्जन मला शोधताहेत. इकडे नाही, तिकडे नाही. बाबानं श्वास रोखलाय.

"गायब!" सर्जन ओरडले, आणि बाबानं त्यांनाच मिठी मारली!

कुणाच्या जाण्यानं एवढा आनंद झालेला पाहिलाय कधी? मला तर गुदगुल्या होताहेत! जाता जाता एवढंच सांगते, तुमच्या बाळाच्या पोटात माझी एखादी बहीण दिसली, तर घाबरून झोप उडवू नका, पण तपासणीही चुकवू नका. आम्ही सगळ्याच काही गुणी नसतो.

निघते हं, पोरी. आता पोटभर जेव. जागा मोकळी केलीय.