खालच्या सुराची वही

मी एक जुनी गाण्यांची वही आहे. हाताने लिहिलेली, वासराच्या कातड्यात बांधलेली. वय चारशेला टेकले आहे.

मित्रांनो, गाण्याच्या वहीत गाणे पूर्ण असते, असे तुम्हाला वाटेल. आमच्या काळी इंग्लंडात तसे नव्हते. चौघे मिळून गात, प्रत्येकाचे सूर वेगळे, म्हणून वह्याही चार. मी सगळ्यांत वरच्या सुराची. दोन बहिणी मधल्या सुरांच्या आणि एक खालच्या. एक जरी बहीण नसली, तरी उरलेल्या तिघींचे गाणे पांगळे होई.

आम्हाला लिहिले अँब्रोज गॅरार्ड यांनी. हेरफर्डच्या मोठ्या चर्चमध्ये ते खालच्या सुरात गात. अकरा हिवाळे ते खिडकीशी बसून हंसाच्या पिसाने लिहीत राहिले. बत्तीस गाणी इंग्रजी, एकोणीस इटालियन. इटालियन गाणी एका प्रवाशाच्या छापील पुस्तकातून दहा दिवसांत उतरवून घेतली. त्यांना ती भाषा येत नव्हती. कोणी अर्थ विचारला की म्हणत, "प्रेमाचंच असणार. एवढं गळा काढून माणूस दुसरं काय गाईल?" माझ्या चौदाव्या पानाच्या कडेला त्यांनी बारीक अक्षरात लिहिले आहे, 'इथे एडमंड घाई करतो.'

रविवारी दुपारी एडमंड आणि इतर शेजारी गायला जमत. सफरचंदाची दारू, चीज आणि आम्ही चौघी. अँब्रोज यांची मुलगी थॉमसिन नऊ वर्षांची होती. तिला स्टुलावर उभी करून मला तिच्या हातात देत. बाहेर रस्त्यावर माणसे थांबत. ते माझे सुखाचे दिवस.

मग राजा आणि पार्लमेंट यांच्यात लढाई पेटली. पार्लमेंटवाल्यांनी चर्चमधले समूहगान बंद केले. गाणारे पांगले, एडमंड तर लढाईतून परतलाच नाही. आम्हाला स्वयंपाकघरातल्या पेटीत ठेवले गेले. पंधरा वर्षे झाकण उघडले ते फक्त एकदा.

पुढे हरलेल्या राजाचा मुलगा गादीवर आला, चर्चमध्ये पुन्हा गाणे सुरू झाले, तेव्हा थॉमसिनने पेटी उघडली. ती आता चाळिशीला आली होती. वह्या तीनच निघाल्या.

"जोन, चौथी कुठाय?" तिने मोलकरणीला विचारले.

जोनने हात पुसले. "ती होय, बाई? मागं एकदा केक साच्याला चिकटायला लागले, तेव्हा त्यांच्याखाली घालायला कागद हवा म्हणून ती बाहेर काढली. नुसते ठिपके होते हो त्यात. शब्दसुद्धा धड नव्हते."

"सगळी वही?"

"हळूहळू गेली, बाई."

थॉमसिन तिला रागावली नाही. पेटीच्या कडेवर बसून राहिली. खालचे सूर आता जगात एकाच जागी उरले होते, आणि ती जागाही ढासळत चालली होती. सत्तरी ओलांडलेले अँब्रोज सकाळी जेवल्याचे दुपारी विसरत. मुलीलाही ओळखत नसत.

दुसऱ्या दिवशी तिने त्यांची खुर्ची उन्हात घेतली, मला उघडले आणि पहिले गाणे सुरू केले. माझ्यातला वरचा सूर. अँब्रोज झाडाकडे पाहत होते. तिसऱ्या ओळीला त्यांचा खालचा सूर आला, खरखरीत पण नेमका. थॉमसिन गातच राहिली. ओळ संपल्यावर घाईघाईने लिहून घेतले आणि पुन्हा तीच ओळ धरली.

"किती वेळा तेच ते?" म्हातारा वैतागला.

"माझं पाठ होत नाही, म्हणून."

"आवाज बरा आहे तुमचा, बाई. कोणी शिकवलं?"

"वडिलांनी."

"घाई करू देत नसणार ते. चांगला माणूस."

"हो," ती म्हणाली, आणि तिने पान उलटले.

असे पाच महिने चालले. कधी दिवसाला एक गाणे, कधी आठवड्याला एक ओळ. जोन दारात उभी राहून ऐके. एके दिवशी तिने आपल्या पगारातून कोरे कागद आणून मुकाट्याने टेबलावर ठेवले.

एकोणपन्नास गाणी झाली. मग एका सकाळी अँब्रोज उठले नाहीत. दोन इटालियन गाणी राहून गेली.

"तुलाही सूर जुळवता येतात की," थॉमसिनचा नवरा म्हणाला. "त्या दोन गाण्यांचे तूच लिहून टाक."

"येतील. पण ते माझे होतील, बाबांचे नाही."

तिने नव्या वहीत त्या गाण्यांची नावे लिहिली, सुरांसाठी पाच पाच रेघा आखल्या आणि जागा रिकामी सोडली. पुढे आम्ही चौघी माळ्यावर पडलो, लिलावात विकल्या गेलो, उंदरांनी माझा एक कोपरा खाल्ला. आज ग्रंथालयात कापडात गुंडाळून आहोत. त्या दोन पानांपाशी आलेली माणसे अजूनही रिकाम्या रेघांवरून बोट फिरवतात.

मित्रांनो, आम्हा जुन्या वह्यांना ओल आणि वाळवीपासून जपा. पण तुमच्या घरातही कोणाच्या तरी तोंडी एखादे गाणे असेल, कुठेच न लिहिलेले. कागद घेऊन आजच त्यांच्याजवळ बसा. ते तुमचे नाव विसरले असले तरी हरकत नाही. तुम्ही पहिली ओळ म्हणा, आणि वाट पाहा.