काळ्या चित्रामागच्या टिकल्या

"हे काळं ध्यान तूच ने," चित्र खिळ्यावरून उचलत उल्का म्हणाली.

शैलेंद्र आत रंगाचा डबा ढवळत होता. परदेशातला हा टॅम्पिनीसचा भाड्याचा फ्लॅट आज सोडायचा होता. दुपारी एजंट यायच्या आत खिळ्यांची भोकं बुजवून भिंतींना पांढरा हात मारायचा. मग तो शहराच्या दुसऱ्या भागात, बुओना व्हिस्टाला ऑफिसजवळच्या खोलीत आणि ती पुण्याला, कायमची. भांडण असं झालं नव्हतं. भांडायला निदान दोन माणसं लागतात. सहा वर्षांची जाई तापाने गेली, तेव्हापासून या घरात एक उल्का होती आणि एक पगार आणणारा दगड.

ते चित्र कुण्या जुन्या फ्रेंच चित्रकाराच्या लाकडी ठशाची प्रत होतं. पालथी निजलेली मुलगी, उशाशी बसलेली सावली. "लाकूड जिथे कोरत नाहीत, तिथेच काळं उमटतं," एवढंच शैलेंद्र एकदा म्हणाला होता. जाईच्या तेराव्यानंतर त्याने ते आणलं आणि नेमकं तिच्या टिकल्यांवर टांगलं. दर वाढदिवसाला औक्षण झालं की जाई भिंतीला टेकून उभी राहायची आणि उल्का तिच्या डोक्याच्या उंचीवर भिंतीला कुंकवाचं बोट टेकवायची. त्या टिकल्या त्याने झाकल्या, हे उल्काने कधीच माफ केलं नाही.

टिकल्या जागेवर होत्या, तपकिरी पडलेल्या. त्यांच्या वर आणखी दोन होत्या. अंगठ्याच्या, रुंद. वरची अजून लाल होती.

शैलेंद्र रोलर घेऊन दारात थबकला.

"मारून टाकतो रंग," तो म्हणाला.

"कधी लावल्यास?"

"वाढदिवसाला तू देवळात जायचीस, तेव्हा."

"उंची कशी कळली?"

"खालच्या मजल्यावरची अदिती. जाईच्याच वर्गातली. लिफ्टमध्ये भेटते." त्याने शर्टाकडे पाहिलं. "गेल्या वर्षी तिसऱ्या बटणाशी यायची. आता जवळजवळ दुसऱ्याशी येते."

उल्काने बांधलेलं खोकं फाडलं आणि तळातून कुंकवाचा करंडा काढला.

"नववा वाढदिवस पुढच्या महिन्यात आहे," तो म्हणाला.

"माहितीय. उभा राहा इथे."

तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला. दुसऱ्या बटणाचा अंदाज घेत तिने कुंकवाचं बोट त्याच्या शेजारी भिंतीकडे नेलं.

"टाचा उचलायच्या नाहीत हं," सवयीने तिच्या तोंडून गेलं.

शैलेंद्रने टाचा घट्ट टेकवल्या.