माझ्या अंगावरचे चौदावे बेट

मी नकाशा बोलत आहे. नकाशाने मुकाट्याने दिशा दाखवावी, तोंड उघडू नये, असा आमच्यातला शिष्टाचार आहे आणि तो मी आजवर कसोशीने पाळला. परंतु माझ्या अंगावरील एका डागाविषयी घरात येणारे-जाणारे काहीबाही बोलू लागले आहेत, तेव्हा खरी हकीकत मीच सांगितलेली बरी.

माझ्यावर उष्ण कटिबंधातील एक द्वीपसमूह छापलेला आहे. त्यात बेटे आहेत तेरा. हा आकडा वाचकांनी कृपया ध्यानात ठेवावा.

माझा जन्म एका छापखान्यात झाला. प्रथम फिकट निळा रंग आला, तो उथळ पाण्याचा. मग गडद निळा, खोल पाण्याचा. त्यानंतर जमिनीचा पिवळसर तपकिरी आणि सर्वांत शेवटी काळ्या रेघेत किनारे व नावे. कागद केसभर सरकला, तर बेट एकीकडे आणि त्याचा किनारा दुसरीकडे, असा प्रकार होतो. आमचे मुद्रक प्रत्येक प्रत उजेडात धरून पाहत आणि सरकलेली प्रत बाजूला टाकत. मला त्यांनी दोनदा पाहिले आणि मान डोलावली. म्हणजे मी निर्दोष होतो. पुढे जे झाले त्याचे खापर छापखान्यावर फोडू नये, एवढ्यासाठी हे सांगितले.

पुस्तकांच्या दुकानात काही वर्षे काढल्यावर मला बाईंनी विकत घेतले. बाई शाळेत भूगोल शिकवीत. दुकानदार त्यांचाच जुना विद्यार्थी. तो म्हणाला, "बाई, हल्ली फोनवर सगळं दिसतं हो. कागद कशाला?"

"फोनवर बोट लागलं की समुद्र सरकतो," बाई म्हणाल्या. "मला एका जागी राहणारा समुद्र हवाय. आणि तू अजूनही पोक काढून बसतोस. नीट बस."

दुकानदार नीट बसला. मी मनोमन बाईंचा झालो.

घरी बाईंचे यजमान होते. त्यांनी सारा जन्म एका वास्तुविशारदाच्या कचेरीत आरेखक म्हणून काढला होता. कचेरीत त्यांना साहेब म्हणत, मीही तेच म्हणेन. निवृत्तीनंतर त्यांनी आपले उतरते टेबल घरी आणून खिडकीपाशी मांडले होते. त्यावर पेन्सिली उंचीप्रमाणे लावलेल्या असत आणि समोर त्यांच्याच सुबक अक्षरातील एक पाटी होती : 'या टेबलावर पेयपदार्थ आणू नयेत.' नियम सर्वांना लागू होता. बाईंच्या धाकट्या बहिणीला तर एकदा पाण्याचा पेला घेऊन दारातच उभे राहावे लागले होते.

मला त्या टेबलावर पसरण्यात आले आणि सहलीची आखणी सुरू झाली.

"तुम्हाला सांगू का," बाई म्हणाल्या, "चारही बाजूंनी पाण्याने वेढलेला भूभाग म्हणजे बेट, हे मी एकतीस वर्षं शिकवतेय. एकदाही त्यावर उभी राहिले नाही. पण मोठं बेट नको. मोठ्या बेटावर गेलं की ते बेट आहे, हे दुसऱ्याने सांगावं लागतं. एका जागी उभं राहून चारही बाजूंचं पाणी दिसेल, एवढंसंच बेट हवं."

मी मनात ओशाळलो. माझी तेराही बेटे चांगली ऐसपैस होती. सर्वांत लहानावरसुद्धा एक डोंगर आडवा पडला होता.

त्यानंतरची गोष्ट एका दुपारची. बाई शाळेत गेल्या होत्या. साहेब माझ्यावर वाकून अंतरे मोजत होते आणि, लिहावयास संकोच वाटतो, त्यांच्या डाव्या हातात चहाचा कप होता. कपाच्या बुडाशी एक थेंब लोंबकळत होता. तो पडला तो नेमका दोन बेटांच्या मधल्या निळ्या पाण्यात. साहेबांनी टीपकागद दाबला, फुंकर घातली, देवाचे नावही घेतले असावे. पण चहाचा डाग वाळतो तेव्हा त्याची कड गडद होते आणि मधला भाग फिकट राहतो. थोडक्यात, त्याला किनारा येतो.

संध्याकाळी बाई आल्या, चष्मा पुसला आणि माझ्यावर वाकल्या.

"अहो, हे बघितलंत का? केवढंसं आहे हे! मसुराच्या डाळीएवढं!"

साहेबांना तेव्हा खरे सांगता आले असते. समोर पाटी होती. त्यांनी पाटीकडे पाहिले, बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "हं."

या एका 'हं'ने पुढची पाच वर्षे खाल्ली.

"याला नावसुद्धा दिलेलं नाही," बाई हरखून म्हणाल्या. "म्हणजे निर्जन असणार. हेच आपलं बेट!"

दुसऱ्या दिवशी साहेबांना माझी पारदर्शक कागदावर नक्कल काढावी लागली. तेरा बेटे झाली आणि लेखणी थबकली. आरेखकाचा धर्म असा की, खालच्या कागदावर जे दिसते ते सर्व वर उतरवायचे, आपल्या पदरचे काही घालायचे नाही व काही गाळायचे नाही. शिवाय बाई खांद्यामागे उभ्या होत्या. साहेबांनी चौदावे बेट काळ्या शाईने गिरवले. त्यांच्या हातची रेघ कधी चुकलेली नाही, हे सर्वांना माहीत होते. झाले, चहाला कायमचा पत्ता मिळाला.

तयारी मात्र पाहण्यासारखी होती. सामानाची यादी साहेबांनी छाप्यासारख्या अक्षरात केली. बॅगा भरून पाहिल्या, उचलून पाहिल्या आणि पुन्हा रिकाम्या केल्या. जागेवरून भांडणही उरकून घेतले.

"जाताना खिडकी माझी. येताना तुमची."

"येताना काय बघायचं असतं?"

"तेच. उलट बाजूने."

बाईंनी वर्गात मुलांना सांगून टाकले की, मी त्या बेटावरून शाळेला पत्र पाठवीन. तिथे टपालपेटी टांगणार कोण, असे एका मुलीने विचारले, तेव्हा तिला शाबासकी मिळाली.

आणि दरवर्षी जाण्याची वेळ आली की साहेबांना काहीतरी आठवे. एका वर्षी वारे प्रतिकूल होते. एका वर्षी बोटींचे वेळापत्रक त्यांच्या पसंतीस उतरले नाही. मग स्वयंपाकघरातला नळ गळू लागला, तो दोन वर्षे गळत राहिला. पाचव्या वर्षी ते म्हणाले की, आपली त्वचा नाजूक आहे.

"भावजी," मेहुणी म्हणाली, "भर दुपारी उघड्या डोक्याने बाजार पालथा घालता तुम्ही. ही त्वचा कधीपासून नाजूक झाली?"

"वाचनात आलं."

"ताई, यांना यायचंच नाही. माझं ऐक, तू आणि मी जाऊ."

बाईंनी आपल्या गुडघ्यांकडे पाहिले. त्या निवृत्त झाल्या होत्या आणि त्यांचे गुडघे त्यांच्याआधीच निवृत्त होऊ पाहत होते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते : होडीत चढायचे-उतरायचे असेल तर या वर्षी, पुढच्या वर्षाची खात्री नाही. त्या दिवशी बाईंनी माझी घडी घातली ती पहिल्यांदाच वाकडी घातली. मला ती अजून जाणवते.

मेहुणीला अशा गोष्टींत दम धरवत नाही. तिने तिथेच बोटींच्या कचेरीला फोन लावला आणि सर्वांना ऐकू येईल असा ठेवला. बाईंनी माझ्यावर बोट ठेवून ठिकाण सांगितले. पलीकडून एक तरुण मुलगी म्हणाली, "काकू, तिथे बेट नाही. तिथे खोल पाणी आहे."

"असं कसं? माझ्याकडे नकाशा आहे."

"माझ्याकडे बोटी आहेत, काकू. रोज तिथूनच जातात."

फोन बंद झाला. बाईंनी भिंग आणले. साहेब पेन्सिली उंचीप्रमाणे लावू लागले. त्या आधीच लावलेल्या होत्या.

"चहा आहे," साहेब म्हणाले.

"आत्ता नको मला."

"नाही. ते बेट. ते चहा आहे."

मेहुणीला हसू आवरेना. ती पदर तोंडाशी धरून स्वयंपाकघरात पळाली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पाटीकडे पाहिले, मग साहेबांकडे.

"पाच वर्षं?"

"तू इतकी खूश झाली होतीस. म्हटलं, दोन दिवसांनी सांगू. मग दोन दिवसांनी जास्तच अवघड झालं."

"आणि मी काय समजत होते, ठाऊक आहे?" बाईंचा वर्गातला आवाज नव्हता तो. "तुम्हाला माझ्याबरोबर जायचंच नाही, असं समजत होते."

साहेब खाली बसले.

थोड्या वेळाने बाईंनी पिशवीतून लाल पेन काढले. इतक्या वर्षांत त्यांनी जे हजारो वह्यांवर केले तेच माझ्यावर केले. डागाभोवती वर्तुळ काढले आणि शेजारी लिहिले : 'चूक. दुरुस्त करून दाखवणे.' खाली सही केली आणि मला साहेबांच्या पुढ्यात सरकवले.

साहेबांना इतके शहाणे झालेले मी कधी पाहिले नव्हते. वारा, वेळापत्रक, नळ, त्वचा, सर्व अडचणी एका रात्रीत नाहीशा झाल्या. बोटींच्या त्या मुलीला त्यांनी इतके फोन केले की, शेवटी ती त्यांना आवाजावरून ओळखू लागली.

"काका, एक आहे, पण ते काही बेट नव्हे. वाळूचा पट्टा आहे. भरतीला दिसत नाही."

"ओहोटीला?"

"तीनेक तास दिसतो."

"चारही बाजूंना पाणी?"

"पट्टाच आहे तो काका. पाणी दुसरीकडे जाणार कुठे?"

साहेबांनी भरती-ओहोटीचे तक्ते मागवले, दिवस ठरवला, वेळ ठरवली. सगळी आखणी एका कागदावर मावली. पाच वर्षांच्या आखणीचे गठ्ठे त्यांनी स्वतःच्या हाताने बांधून माळ्यावर टाकले.

आम्ही गेलो. होय, मीही. बाईंच्या पिशवीत, चष्म्याच्या घराशेजारी. जाताना खिडकी बाईंची होती.

होडीतून उतरताना एका बाजूने होडीवाल्याने आणि दुसऱ्या बाजूने साहेबांनी बाईंना हात दिला. गुडघे कुरकुरले, पण बाईंनी त्यांना वर्गातल्या मुलांसारखे दटावून गप्प केले. पट्टा आमच्या दिवाणखान्याहून फारसा मोठा नव्हता. बाई मधोमध उभ्या राहिल्या. समोर पाहिले. उजवीकडे वळल्या, पाहिले. मागे पाहिले. पुन्हा वळल्या. मग तीच फेरी पुन्हा एकदा घेतली.

"काय गं?" साहेबांनी घाबरून विचारले.

"व्याख्या बरोबर आहे," बाई म्हणाल्या आणि पदराने चष्मा पुसू लागल्या. चष्म्यावर काही नव्हते.

त्यांनी मला उघडून वाळूवर पसरले. तो पट्टा माझ्यावर कुठेच नव्हता. ज्याला मी पाच वर्षे जागा दिली ते बेट कधी नव्हतेच आणि जे पायाखाली होते त्याला माझ्यावर जागा नव्हती. नकाशाने यापुढे फार ऐट करू नये, हे मला तिथे समजले. साहेबांनी अंतर मोजून जागा दाखवली. बाईंनी तिथे लाल ठिपका दिला, शेजारी 'तपासले' असे लिहून तारीख घातली. शाळेचे पत्र तिथेच बसून लिहिले, फक्त टाकले परत आल्यावर.

मग साहेबांनी थर्मास उघडला.

"थांबा," बाई म्हणाल्या. "आधी नकाशा बाजूला ठेवू द्या."

त्यावर दोघेही इतके हसले की होडीवाला वळून पाहू लागला.

आता मी साहेबांच्या टेबलाशेजारच्या भिंतीवर असतो. माझ्या घड्यांत अजून थोडी वाळू आहे. बाई आता जिना चढताना कठडा धरतात आणि वर आल्या की माझ्यासमोर थांबून दम घेतात. पाटी जिथल्या तिथे आहे, पण तिच्याखाली बाईंच्या अक्षरात एक ओळ वाढली आहे : 'आणल्यास कळवावे.'

येणारे-जाणारे डागाकडे बोट दाखवून हसतात. हसू देत. माझी विनंती एवढीच की, तो खोडून काढू नये. आणि वाचकहो, आपल्या घरच्या एखाद्या कागदावर चहा सांडलाच, तर त्याला किनारा फुटण्याच्या आत सांगून टाका.