येळवशीला घरी कुणी नसतं

दारावर थाप पडली तेव्हा उमादेवीनं टेबलावरचे टाइप केलेले कागद घाईघाईनं वर्तमानपत्राखाली सारले. कडी काढली तर समोर शेषेराव सर. हातात काठी, कपाळावर घाम, खांद्याला तीच जुनी शबनम. या घडीला जो माणूस यायला नको, नेमका तोच दारात उभा होता.

"नांदेडहून सकाळच्या यष्टीनं निघालो. आत घेतीस का दारातच उभं करतीस?"

"या की सर. असं काय बोलता!"

त्या साली लातुरात पाहुण्याला अर्धाच पेला पाणी द्यायची रीत पडली होती. जिल्हा नवा झाला, कलेक्टर कचेरीला रंग लागला, साहेबांच्या गाड्या धूळ उडवत फिरू लागल्या. नळ मात्र कोरडेच राहिले. अर्ध्या पेल्याचा राग कुणी मानत नसे, आणि दिलेलं पाणी कुणी टाकतही नसे. सरांसाठी तिनं पेला काठोकाठ भरला.

सर होते म्हणून उमादेवी होती. उदगीरला तिच्या वडिलांच्या, शरणप्पांच्या आडत दुकानात, तेव्हा तिथल्या कॉलेजात शिकवणारे आणि आता नांदेडला असलेले हे सर रोज संध्याकाळी येऊन बसत आणि एकच टुमणं लावत, पोरीला एम.ए.ला पाठवा. शेवटी आप्पाच कंटाळले आणि हो म्हणाले. पुढं ती लातूरच्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवू लागली. लग्नाचं राहून गेलं ते राहूनच गेलं. आप्पा वारले, दुकान भावांचं झालं. माहेर म्हणावं असं काही उरलं असेल तर ते सरांचं मुरुडजवळचं शेत. दर येळवशीला तिथून सरांच्या बायकोचा, तारामतीकाकूंचा, निरोप यायचा.

वेळ अमावस्या म्हणजे या भागातली येळवस. पुण्या-मुंबईकडच्यांना तिचा पत्ता नसतो. मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला इथली गावंच्या गावं घरांना कुलपं घालून शेतात जातात. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, उभारायची, तिच्यात पाच दगडांचे पांडव मांडायचे, पूजा करायची आणि येईल त्याला भाज्या-डाळींची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील वाढायची. पीक करपलेलं असलं तरी कोप चुकत नाही. गावातली कुत्रीसुद्धा भज्जीच्या वासानं मालकांमागं शेत गाठतात.

वर्तमानपत्राखाली दडवलेला लेख पुण्याहून निघणाऱ्या एका संशोधन त्रैमासिकानं पाठवला होता. त्यांनी अलीकडेच नवी शिस्त धरली होती. छापण्याआधी लेख लेखकाचं नाव झाकून परीक्षकाकडे पाठवायचा, परीक्षक कोण ते लेखकाला सांगायचं नाही, आणि परीक्षकानं लेखक ओळखला तर अभिप्राय न देता लेख परत करायचा. लेख होता रेणापूरकडच्या तीन गावांतल्या पाण्यावर. बायांना घरी गाठून विचारलं होतं, पाणी किती लांबून आणता. नाव झाकलेलं होतं खरं, पण सरांचं वाक्य लपत नाही. उमादेवीनं पहिल्याच पानावर ते ओळखलं. तिथंच पाकीट बंद केलं असतं तर निभावलं असतं. पण मोह झाला आणि ती शेवटपर्यंत वाचत गेली.

सरांची नजर टेबलावर गेली. वर्तमानपत्राच्या कडेनं त्यांच्याच टाइपरायटरचं अक्षर डोकावत होतं. त्यांनी काठीच्या टोकानं पेपर बाजूला सारला.

"मला वाटलंच. लातूर भागातला लेख, तर लातूरलाच येणार. कसा हाय?"

"सर, तुम्ही हे विचारू नये."

"विचारलं आता."

उमादेवीनं पदर सावरला. "पहिल्या दोन गावांचं काम लई चांगलं हाय. पळसवाडीला कधी गेला होता सर?"

"तारीख लिहिलीय की तिथं."

"त्या दिवशी येळवस होती."

सरांची काठी जमिनीवर ठकठक करत होती, ती थांबली.

"पळसवाडीच्या साऱ्या बाया त्या दिवशी घरात भेटल्या, असं लिहिलंय तुम्ही," उमादेवी म्हणाली. "आन मी तर तुमच्या कोपीत जेवत होते. तारामतीकाकू वाढत होत्या. तुम्हीच म्हणलात, पोरीला अजून आंबील द्या."

बाहेर टँकरचा भोंगा वाजला आणि घागरींचा गलका उठला.

"गुडघ्यानं दगा दिला गं," सर म्हणाले. "पळसवाडीला यष्टी जात न्हाई. शेजारच्या गावात बाया म्हणल्या, तिकडं हिरीला पाणी हाय. मी म्हणलं, असंल. तेच लिहिलं. तारखा मागून टाकल्या, इंग्रजी कॅलेंडर बघून. प्राध्यापकपदाची मुलाखत तोंडावर आली, तिथं छापील लेख लागतो. रिटायर व्हायच्या आधीची शेवटली."

आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुकांवर लाल रेघ ओढणारा माणूस खाली मान घालून बोलत होता. ते बघवेना म्हणून उमादेवी खिडकीकडे बघत राहिली.

मग सर सावरून बसले. "मी तुला खोटं लिहायला सांगून न्हाई राहिलो. नियम सांगतो. लेखक ओळखू आला की लेख परत करायचा, हाव का न्हाई? कर परत. ओळखीचे हायेत, एवढंच लिही. पुण्यातलं दुसरं कुणी बघंल."

बोलणं बिनतोड होतं. पुण्यातल्या परीक्षकाला ती तारीख इतर तारखांसारखीच एक तारीख दिसणार. लेख छापून येणार. सरांचं काम होणार, आणि नियम पाळला म्हणून उमादेवीचे हात स्वच्छ राहणार. तिला सरांचा राग आला. त्याहून जास्त स्वतःचा आला, कारण क्षणभर तिला हे पटलं होतं.

"आन पळसवाडीचा टँकर?"

"लेख वाचून कोण टँकर बंद करतंय?"

"कलेक्टर कचेरीतलं माणूस कॉलेजात येऊन गेलं सर. विचारत होतं, पाण्याचा कुणी अभ्यास केलाय का. नवा जिल्हा, त्यांच्याजवळ काही न्हाई. छापलेलं दिसलं की तेच धरतील."

"माझं मीठ खाल्लंस, उमा." सर अगदी हळू म्हणाले.

तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते तिनं पुसलं नाही. "हाव सर. म्हणून तुमच्या पाठीमागं न्हाई, तुमच्यासमोर लिहिते."

तिनं कागद ओढला. लेखक आपले गुरू आहेत, म्हणून अभिप्राय देण्याचा आपल्याला अधिकार नाही. लेख परत पाठवत आहे, असं लिहिलं. थोडं थांबून पुढं लिहिलं, पळसवाडीच्या भेटींच्या दिवशी वेळ अमावस्या होती, त्या दिवशी या भागात बहुधा घरी कुणी नसावं, तरी लेखकांकडून खुलासा मागवावा. आपलं हे पत्र नावासह त्यांना दाखवायला हरकत नाही. खाली सही केली आणि कागद सरांपुढं धरला.

सरांनी चष्मा लावला. वाचून झाल्यावर खिशातलं पेन काढलं. आता कागदावर काट मारणार, असं तिला वाटलं. सरांनी 'बहुधा' खोडलं. 'नसावं' खोडून त्यावर 'नसतं' लिहिलं.

"जे पक्कं ठाऊक हाय त्याला बहुधा लावायचं न्हाई. कितींदा सांगितलं तुला."

ते काठी टेकत उठले. पेला उचलून बरोबर अर्धं पाणी प्याले. "बाकीचं ठेव. लागंल तुला," म्हणाले आणि पायऱ्या उतरून गेले. आधाराला तिनं पुढं केलेला हात त्यांनी घेतला नाही.

लेख सरांनी मागं घेतला. मुलाखतीलाही गेले नाहीत, असं तिच्या कानावर आलं. पळसवाडीला टँकर जात राहिला.

पुढच्या येळवशीला मुरुडहून निरोप आला नाही. तरी उमादेवी पहाटे उठली, इरकली नेसली, डबा घासून ठेवला. गल्लीतून बैलगाड्या निघाल्या, जीपगाड्या निघाल्या. शेजारची महादेवी कुलूप ओढून बघत म्हणाली, "अजून निघाली न्हाईस गं उमाताई? सर वाट बघत असतील."

"निघते की आता."

चाकांचा आवाज वेशीपलीकडे विरला. कुत्रीही गेली. उमादेवी उंबऱ्याशी बसून राहिली. दुपार कलली तरी साऱ्या गल्लीत तेवढं एकच दार उघडं होतं.