बत्तिसावा कागद

फाइलमध्ये एकतीस कागद होते: विम्याचे एकोणीस, पगाराचे अकरा आणि तळाशी पुण्याच्या कारखान्याचं पिवळं पडलेलं नेमणूकपत्र, १ सप्टेंबर १९७७ चं.

बाबा १ सप्टेंबर २०१७ ला पेन्शनचा अर्ज करणार होते. त्याच्या आदल्या शनिवारी मी हॅनोव्हरहून इंगोलश्टाटला घरी आले होते. प्रश्न एकच होता: निवृत्तांच्या सरकारी आरोग्य विम्यात बाबांना घेतील का? नोकरीच्या उत्तरार्धातले नव्वद टक्के महिने सरकारी विम्यात गेले असतील तर घेतात. नाहीतर पुण्याच्या फ्लॅटच्या भाड्यावरही हप्ता, आणि तो जन्मभर.

बाबांनी नोकरी १९८९ पासून, जर्मनीत उतरल्यापासून, मोजली होती. त्या हिशेबाने ते सहज बसत होते.

"बाबा, फॉर्ममध्ये पहिली नोकरी विचारलीय. कुठल्याही देशातली."

"आल्झो..." विचारात पडले की बाबांच्या तोंडी जर्मनमधलं 'म्हणजे' यायचं. "म्हणजे पुण्याची?"

मी पुन्हा मोजलं. एकूण चाळीस वर्षं. उत्तरार्ध १९९७ पासून, २४० महिने. हवेत २१६. पण २००० ते २००४ अशी चार वर्षं बाबा खासगी विम्यात होते. उरले १९२.

"अहो, पुण्याचं इथे कोण बघायला येतंय?" आई म्हणाली. "तो कागद ठेवा परत तळाला."

"खाली सही माझी आहे, सुमेधा." बाबांनी १९८९ खोडून १९७७ लिहिलं आणि चष्मा काढून ठेवला. "ऑफिसात सगळेच खासगीत जात होते, म्हणून मीही गेलो."

मी क्रांकेनकासेचं, म्हणजे विमा संस्थेचं, माहितीपत्रक उलटलं. मागच्या बाजूला ऑगस्टपासून लागू झालेला नियम होता. तो दोनदा वाचला.

"आई, माझा जन्मदाखला कुठेय?"

"आत्ता कशाला?"

"दर मुलामागे तीन वर्षं जास्तीची धरतात. वडिलांनाही."

बाबांनी चष्मा लावला, ओळीवर बोट ठेवून स्वतः वाचलं आणि हसायलाच लागले. "पंचवीस वर्षं सांभाळलं, आणि धरली तीन!"

"मी दुसरं म्हणत होते, तेव्हा तुम्हालाच नको होतं," म्हणत आई दाखला आणायला उठली. जाता जाता तिने चहाचं आधण ठेवलं.

दाखला बत्तिसावा कागद झाला. तीन आठवड्यांनी पत्र आलं: १९२ अधिक ३६, म्हणजे २२८ महिने. २४० पैकी ९५ टक्के.