मालदीवची कवडी आणि बनीचा पाळणा

मित्रांनो, मी एक जुनी, भित्री कवडी आहे. कवडीला कसली आली भीती, असं तुम्हाला वाटेल. ऐका तर.

माझं माहेर दूर दक्षिणेच्या समुद्रात, मालदीव बेटांवर. निळ्या पाण्यावर कुणी हिरव्या बांगड्या मांडाव्यात, तशी ती बेटं. तिथे ना डोंगर, ना नदी. जमीन पाण्याच्या वर जेमतेम पुरुषभर. पोवळ्याच्या इवल्या जीवांनी रचलेली. माणसं मासे धरतात, माडाचे नारळ खातात आणि माडाच्याच लाकडाच्या होड्या करतात. तेव्हा मी जिवंत होते, बरं का! उथळ पाण्यात रांगायचे. एकदा बायकांनी पाण्यात झावळ्या टाकल्या. आसरा बरा म्हणून मी बिलगले. त्यांनी झावळीसकट मला ओढलं आणि वाळूत पुरलं. जीव गेला, कवच उरलं. भीती मात्र आतच राहिली.

गलबतातून कोकणात आले, तिथून बैलाच्या पाठीवर वरंधा घाट चढून हिर्डोशी गावात. धोंडाबाईंनी नातीला, बनीला, दृष्ट लागू नये म्हणून मला काळ्या दोऱ्यात ओवून पाळण्याला टांगलं. "लई गुणाची कवडी!" बाया म्हणायच्या. मी फुगून जायचे. बनी मला रोज ओढायची. दोरा झिजत होता. मला कळत होतं, पण सांगणार कशी?

एका दुपारी दोरा तुटला. बनीने मला तोंडात टाकलं आणि मी घशाशी अडकले. ओला काळोख, थरथरता. पोर रडेचना.

"आत्याबाई, धावा! पोरगी काळीनिळी पडली!" बनीची आई सगुणा किंचाळली.

"दिष्ट लागली गं! ती कवडी सोड, तिनंच दिष्ट उतरवून टाकते!" तिच्या सासूबाई, धोंडाबाई, म्हणाल्या.

सगुणाने दोऱ्याला हात घातला. दोरा रिकामा होता.

तिने बनीला मांडीवर पालथं घातलं आणि पाठीत थापट्या मारल्या. एक, दोन, तीन... मी जमिनीवर पडले. बनीने टाहो फोडला.

धोंडाबाईंनी मला उचललं. "म्याच बांधली व्हती गं. टाकू का वढ्यात?"

"नगं. तिचा काय दोष? बैलाच्या गळपट्ट्याला शिवा. त्यो काय गिळत न्हाई!" डोळे पुसत सगुणा म्हणाली.

मित्रांनो, तुमच्या घरी पाळणा असेल, तर त्यावर टांगलेलं सगळं आजच ओढून बघा. आमच्या भरवशावर बाळ सोडू नका.

अजूनही बैल दारात आला, की बनी माझ्याकडे हात पसरते आणि मी आतून गोठते. सगुणा तिला कडेवर घेते, आधी माझा टाका ओढून बघते, मगच तिला हात लावू देते.